हुंडेकरी : मंठ्याच्या गाठीची जबाबदारी कोणाची?



पत्रिकेवर आजचा विषय ‘फ्रेट फॉरवर्डरच्या धंद्याचा इतिहास’ असा छापलाय. मघाशी बाहेर चहा घेताना एका ज्येष्ठांनी मला सरळच विचारलं, की मंठ्यात बंदर नाही, बंदर सोडा, रेल्वे स्टेशनसुद्धा नाही, गाडी धरायची तर परतूरला जावं लागतं. मग इथं बोटीच्या गोष्टी कशाला? प्रश्न रास्त आहे. मी त्यांना उलट विचारलं, की तुमचा कापूस कुठवर जातो? ते म्हणाले, ‘जिनिंगपर्यंत.’ आणि पुढं? ‘पुढं गाठी होतात.’ आणि त्याच्या पुढं? ‘पुढचं व्यापाऱ्याला माहीत.’

आज मला त्या ‘पुढं’विषयी बोलायचंय. जिनिंगच्या फाटकापासून परदेशातल्या सूतगिरणीच्या फाटकापर्यंत माल जातो तेव्हा वाटेत तो बऱ्याच हातांतून जातो. या प्रवासाची जुळवाजुळव करणारा जो माणूस, तो फ्रेट फॉरवर्डर. माल त्याचा नसतो, बहुतेक वेळा ट्रक त्याचा नसतो, बोट तर नसतेच. तो बोटीत जागा धरतो, कस्टमचे कागद करतो किंवा करून घेतो, कंटेनर मागवतो, भाडं ठरवतो आणि शेवटी बोटीची पावती आणून देतो. या धंद्याचा इतिहास नुसता वाहनांचा म्हणून सांगितला तर कंटाळवाणा होईल. मला तो एका प्रश्नाच्या अंगानं सांगायचाय: वाटेत माल भिजला, हरवला, अडकला, तर उत्तर कोणी द्यायचं?

या धंद्याला मराठीत जुना शब्द आहे, हुंडेकरी. नगर-सोलापूरकडं हे आडनावही आहे. हुंडा म्हटलं की आपल्याला लग्नातला हुंडा आठवतो, पण मूळ अर्थ ठोक, एकरकमी ठरवलेली रक्कम असा आहे. व्यापारी हुंडेकऱ्याला सांगायचा की एवढा माल अमुक पेठेत पोचता कर. हुंडेकरी एक आकडा सांगायचा. त्या आकड्यात बैलांचं भाडं आलं, राखणदार आले, घाटातल्या आणि नाक्यांवरच्या जकाती आल्या. मध्य भारतात यालाच हुंडा-भाडं म्हणत. आकडा एक आणि उत्तर देणारा माणूसही एक. हे लक्षात ठेवा, कारण पुढं दीडशे वर्षांत याचेच तुकडे झालेले आपल्याला दिसणार आहेत.

हे काम त्याच्याही कितीतरी आधीचं आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याचं ‘पेरिप्लस’ नावाचं टिपण आहे. त्यात आपलं पैठण आहे, तेर आहे. या दोन गावांचा माल गाड्यांवर घालून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात नेत, असं तो लिहितो. भडोच ते पैठण वीस दिवसांची वाट, आणि तेर त्यापुढं दहा दिवस. म्हणजे मराठवाड्याचा माल परदेशी बोटीत चढतो ही काही आजची नवलाई नाही. व्हिएन्नाच्या ग्रंथालयात दुसऱ्या शतकातला एक पपायरस जपून ठेवलेला आहे. केरळच्या मुझिरीस बंदराशी व्यापार करण्यासाठी घेतलेल्या कर्जाचा तो करार. कर्जदार त्यात लिहून देतो की माल इजिप्तच्या किनाऱ्यावर उतरला की मी तो भरवशाच्या उंटवाल्याच्या हवाली करीन, नाईलकाठच्या कॉप्टोसला नेऊन सरकारी वखारीत तुमच्या शिक्क्याखाली ठेवीन, तिथून नदीनं अलेक्झांड्रियाला नेईन, आणि तिथं चौथाई कर. आजच्या फॉरवर्डरला हा कागद वाचून दाखवला तर तो म्हणेल, हे तर माझं रोजचंच काम.

आपल्या भागात हे काम लमाणांनी केलं. मंठा, परतूर, जिंतूर हा पट्टा तांड्यांचा आहे, हे तुम्हाला सांगायला नको. आज त्या वस्त्या स्थिर आहेत, पण दोनशे वर्षांपूर्वी तांडा म्हणजे चालती वाहतूक कंपनी होती. शेकडो बैल, पाठीवर गोण्या. समुद्राकडून मीठ वर यायचं, इकडून धान्य आणि कापूस जायचा. २३ सप्टेंबर १८०३ला आपल्याच जिल्ह्यातल्या आसईला जी लढाई झाली, ती तोफा-तलवारींची म्हणून आपण शिकतो. पण आर्थर वेलस्लीची त्या मोहिमेतली पत्रं चाळा, लमाणांच्या बैलांचा विषय त्यात पुन्हा पुन्हा येतो. धान्य पोचलं नाही तर फौज हलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हाच माणूस पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. रसदीचा धडा त्यानं दख्खनमध्ये गिरवला, असं इंग्रज इतिहासकारही मानतात. शिकवणारे कोण होते, एवढंच आपण सांगायला विसरतो.

बैलांची मर्यादा मात्र जबर होती. वऱ्हाडचा कापूस एके काळी गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत बैलांच्या पाठीवर जायचा. महिनोन् महिने वाट, धूळ, अवेळी पाऊस. बाजारात पोचेपर्यंत त्या कापसाची रया गेलेली असायची.

आता नकाशा डोळ्यांपुढं आणा. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यामुळं मंठ्याच्या ईशान्येला, लोणारच्या अलीकडं, दोन राज्यांमधली सीमा आली. लोणार इंग्रजी अंमलाखाली, मंठा निजामाकडं. हाताच्या अंतरावरची दोन गावं आणि मधे सरहद्द! त्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ला, मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस लँकेशायरला पोचेना, आणि मुंबईच्या कापसाचा भाव आभाळाला भिडला. प्रेमचंद रायचंदांचं नाव तेव्हाचंच. लोभही वाढला. कापसात सरकी, माती, पाणी मिसळण्याचे प्रकार इतके बोकाळले की १८६३ साली मुंबई सरकारला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. युद्ध संपलं आणि १८६५ला मुंबईचा फुगा फुटला, पण वाहतुकीची जी सोय झाली ती राहिली. १८६७ला रेल्वे नागपूरपर्यंत गेली, १८७०ला खामगावचा फाटा उघडला. १७ नोव्हेंबर १८६९ला सुएझ कालवा सुरू झाला, आणि १८७०ला मुंबई-लंडन समुद्राखालची तार.

या तारेचा आणि आपल्या प्रश्नाचा जवळचा संबंध आहे. तार आल्यावर कापूस वाटेत असतानाच विकता येऊ लागला. माल समुद्रात आणि सौदा लिव्हरपूलला. मग विकायचं काय? कागद. बोटीची पावती, तिला बिल ऑफ लेडिंग म्हणतात. हा कागद ज्याच्या हातात, माल त्याचा. आपल्याकडं त्यासाठी १८५६ सालीच कायदा झाला होता, आणि तो २०२५मध्ये नवा कायदा येईपर्यंत चालला. पावतीच्या अस्सल प्रती अजूनही सहसा तीन काढतात. ही शिडाच्या जहाजांच्या काळातली खोड आहे: एक बोट बुडाली तरी दुसऱ्या बोटीनं पाठवलेली प्रत पोचावी म्हणून. आज कुरियर आहे, ईमेल आहे, तरी प्रती तीनच. बँकेतल्या माणसाला कारण विचारा, ‘पद्धत आहे’ म्हणेल.

कागदाला किंमत आली तशी कागद जाणणाऱ्या माणसाला आली. मुंबईच्या गोदीत मुकादम होते. माल उतरवून घेणं, वजन, नमुना, थप्पी लावणं त्यांच्याकडं. दुभाष होते, बोटीच्या कप्तानाशी बोलणारे, त्याला सामान पुरवणारे. नावातच धंदा: दोन भाषा जाणणारा. आणि फोल्कार्ट ब्रदर्ससारख्या परदेशी पेढ्या होत्या. फोल्कार्टची पेढी १८५१ साली एकाच वेळी स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावात आणि मुंबईत सुरू झाली. तिची माणसं पुढं वऱ्हाडात थेट खरेदीला उतरली. १९५४ साली याच पेढीनं टाटांबरोबर मिळून व्होल्टास काढली. घरातला एसी चालू करताना आठवण ठेवा, तिचं मूळ कापसात आहे.

निजामाच्या हद्दीतून मंठ्याच्या माणसाला त्या काळात दोन वाटा होत्या. एक म्हणजे सरहद्द ओलांडून शंभरावर किलोमीटर गाडीवाटेनं खामगावकडं. दुसरी वाट १९००च्या सुमारास झाली: हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे, म्हणजे नांदेड, परभणी, सेलू, परतूर, जालना, औरंगाबाद करत मनमाडला जाणारी आपली लाइन. स्टेशनांच्या आसपास जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली. परभणी-नांदेडचा गावरानी कापूस नावाजला. मंठा तेव्हा परभणीच्या बाजूचं. १ मे १९८१ला जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून इकडं आला आणि त्याच्याबरोबर आपणही.

ही लाइन मीटरगेज होती. मनमाडला मुंबईची ब्रॉडगेज. मंठ्याच्या भागातली गाठ परतूरला डब्यात चढली की मनमाडला उतरायची आणि दुसऱ्या डब्यात चढायची. एक रेल्वे निजामाची, दुसरी जीआयपी कंपनीची. गाठीला आकडे लागायचे, पट्ट्या तुटायच्या, पावसाळ्यात फलाटावर गाठ भिजायची. आता भिजली कुठं? निजामाची रेल्वे म्हणणार, आम्ही कोरडी दिली. जीआयपी म्हणणार, आम्हाला ओलीच मिळाली. त्यात १८९०च्या रेल्वे कायद्याखाली ‘रिस्क नोट’ नावाची एक युक्ती होती. कमी भाडं हवं असेल तर या कागदावर सही करा, म्हणजे जोखीम मालकाची. गरजू माणूस सही करणारच. पुढं बोटीवर तीच कथा. बोटीच्या मालकांनी पावतीच्या पाठीमागं इतक्या बारीक अटी छापल्या होत्या की स्वतःच्या माणसांच्या निष्काळजीपणाची जबाबदारीही ते झटकत. अखेर १९२४ साली ब्रुसेल्सला आंतरराष्ट्रीय नियम ठरले आणि १९२५ला ते भारताच्या कायद्यात आले, तेव्हा या पळवाटांना थोडा लगाम बसला.

म्हणजे झालं काय बघा. वेग वाढला, खर्च उतरला, यात वादच नाही. रेल्वे वाईट होती असं मी म्हणत नाही. पण हुंडेकऱ्याचा तो एक आकडा आणि एक उत्तर मोडलं. आता गाडीवाल्याचं वेगळं, पहिल्या रेल्वेचं वेगळं, दुसऱ्या रेल्वेचं वेगळं, मुकादमाचं वेगळं, बोटीचं वेगळं. प्रत्येकाची पावती, प्रत्येकाची अट. या तुकड्यांना जोडणारा म्हणून फॉरवर्डिंग एजंट उभा राहिला. तो जोडत होता खरा, पण जबाबदारी घेत नव्हता. तो म्हणे, मी फक्त तुमच्या वतीनं काम करतो. याच धंद्यातल्या लोकांनी १९२६ साली व्हिएन्नात आपली जागतिक संघटना काढली, फियाटा. तो पपायरसही व्हिएन्नातच आहे, हा निव्वळ योगायोग.

आणखी एक तुकडा सांगायचा राहिला, आणि तो आपल्या घरातला आहे. करोडगिरी. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी हा शब्द ऐकला असेल. निजाम राज्याचा सीमाशुल्क विभाग म्हणजे करोडगिरी. राज्याबाहेर माल गेला तरी कर, आत आला तरी कर. चलनही निराळं, हाली शिक्का. म्हणजे मंठ्याचा कापूस मुंबईच्या बंदरात पोचण्याआधीच एक परदेशवारी करून आलेला असायचा! आज ‘आंतरराष्ट्रीय व्यापार’ म्हटलं की आपल्याला दुबई-सिंगापूर दिसतं. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी तो लोणारच्या रस्त्यावर होता. १९४७-४८ला मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरच्या कॅम्पांतल्या कार्यकर्त्यांनी करोडगिरीचे नाके जाळले, हे आपण अभिमानानं सांगतो. पण नाकेच का? पोलीस ठाणी, कचेऱ्या होत्याच की. मला वाटतं, कारण नाका रोजचा होता. शेतकऱ्याला निजाम दिसत नव्हता, नाकेदार दिसत होता. १७ सप्टेंबर १९४८ला मुक्ती मिळाली तरी हा अंतर्गत कर त्या दिवशी गेला नाही. १९५०च्या आर्थिक एकत्रीकरणानंतर तो टप्प्याटप्प्यानं उठला.

नाका मात्र आपली पाठ सोडत नाही. १९७२ला महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. हेतू चांगला होता, शेतकऱ्याला हमी मिळावी. पण मग कापूस शेजारच्या राज्यात नेऊन विकणं गुन्हा झाला, आणि शेतकरी संघटनेला सीमेवर आंदोलनं करावी लागली. एकाधिकाराच्या तीस वर्षांत आपल्या भागातला व्यापारी निर्यात शिकलाच नाही, कारण शिकायला काही हातात नव्हतं. हे माझं मत आहे, त्यावर वाद घाला.

याच काळात तिकडं जग बदललं. २६ एप्रिल १९५६ला माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्यानं ट्रकच्या पेट्याच जहाजावर चढवल्या, तिथून कंटेनर. भारतात पहिला कंटेनर १९७३ला कोचीनला उतरला. १९८९ला न्हावाशेवा बंदर सुरू झालं. आपल्या लाइनचं मीटरगेज १९९०च्या दशकात गेलं, मनमाडची ती चढ-उतार संपली. औरंगाबादजवळ माळीवाड्याला कंटेनर डेपो आला. आता गाठ एकदा पेटीत घातली, सील लावलं, की थेट चित्तगावला किंवा चीनला पेटी उघडेल. चाळीस फुटी उंच पेटीत साधारण दीडशे गाठी बसतात, गाठ १७० किलोची.

लोकांना वाटलं, आता मधल्या माणसाचं काम संपलं. झालं उलटं. पेटी बंद असते, म्हणून बोटवाला पावतीवर लिहितो, ‘आत अमुक असल्याचं सांगितलं आहे.’ सांगितलं आहे! त्यानं पाहिलेलं नाही. मग आतला माल नीट असल्याची काळजी कोणाची? कापसात ओल असेल तर समुद्रावर दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकानं पेटीच्या छताला पाणी धरतं आणि आतल्या आत पाऊस पडतो. चांगला फॉरवर्डर पेटी भरण्याआधी मजल्याचं लाकूड ओलं आहे का ते हात लावून बघतो. शिवाय धुरी दिल्याचा दाखला, पीक-आरोग्याचा दाखला, शिपिंग बिल, कस्टमचा निर्यात-आदेश, आणि १ जुलै २०१६पासून भरलेल्या पेटीचं तपासलेलं वजन. यातला एक कागद चुकला की पेटी बोट चुकवते, बोट चुकली की पावतीची तारीख पुढं जाते, आणि तारीख बँकेच्या पतपत्राच्या मुदतीबाहेर गेली की खरेदीदार शांतपणे भाव पाडून मागतो. माल तोच, गाठ तीच. पैसे तारखेनं खाल्ले.

आणि कधी कागद बरोबर असूनही पेटी थांबते. ५ मार्च २०१२ला केंद्रानं कापसाच्या निर्यातीवर एकाएकी बंदी घातली. ज्यांनी रीतसर नोंदणी केली होती त्यांचाही माल अडकला. आठवड्याभरात बंदी मागं घेतली, पण बंदरातलं भाडं आणि थांबण्याचा दंड कोणी माफ करत नाही. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणाऱ्या बोटी आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, म्हणजे १८६९च्या आधीच्या वाटेनं. भाडी चढली. असा वाढलेला खर्च साखळीत खालीखाली सरकत येतो आणि ज्याला पुढं ढकलता येत नाही त्याच्यापाशी थांबतो. तो कोण, हे मोंढ्यात बसलेल्यांना मी काय सांगू.

आता कायद्याकडं या. १९९३ साली भारतात बहुविध वाहतुकीचा कायदा झाला. नाव अवघड आहे, आशय सोपा: ट्रक, रेल्वे, बोट अशी दोन किंवा अधिक वाहनं असली तरी निर्यातीच्या मालाला एकच कागद, आणि ज्यानं तो दिला त्याची माल ताब्यात घेतल्यापासून तो पोचता करेपर्यंत जबाबदारी. त्यासाठी नोंदणी सरकारच्या नौवहन महासंचालकांकडं. भरपाईला मर्यादा आहे, पण उत्तर देणारा एकच. हे वाचलं तेव्हा मी स्वतःशीच म्हणालो, अरे, हा तर हुंडेकरी! मधली शंभर वर्षं ज्याला मोडण्यात गेली, तो कायद्याच्या दारानं परत आलाय.

पण सगळेच फॉरवर्डर तसा कागद देत नाहीत. बरेच जण अजूनही ‘केवळ एजंट म्हणून’ सही करतात. दोन्ही कागद दिसायला सारखे असतात, अर्थ जमीन-अस्मानाचा. त्यातून फॉरवर्डरची स्वतःची पावती वेगळी आणि बोट कंपनीची मूळ पावती वेगळी. फॉरवर्डर बुडाला तर त्याच्या पावतीवर बोटवाला माल देईलच असं नाही. हा भेद न कळून हात पोळलेले लोक मी पाहिलेत.

जालन्याच्या ड्रायपोर्टची पायाभरणी डिसेंबर २०१५मध्ये झाली. तिथं कस्टमची तपासणी जालन्यातच व्हावी, न्हावाशेव्याला पेटी उघडायची वेळ येऊ नये, ही कल्पना. जालन्याच्या रोलिंग मिलना भंगार बाहेरून लागतं, म्हणजे पेट्या भरून येतील. जाताना त्यांत कापूस भरता आला तर रिकाम्या पेटीचं भाडं वाचेल. हिशेब कागदावर उत्तम आहे. माझी शंका निराळी आहे. रूळ येतील, क्रेन येतील. पावतीची मागची बाजू वाचणारी माणसं कुठून येणार? ती मुंबईहूनच येणार असतील तर फक्त नाका जवळ आला, एवढंच.

(श्रोत्यांतून प्रश्न : हे काम शिकायचं तर इथल्या मुलानं सुरुवात कुठून करायची?)

चांगला प्रश्न. कस्टमचं काम करायला परवाना लागतो. पूर्वी त्याला कस्टम हाऊस एजंट म्हणत, २०१३पासून कस्टम्स ब्रोकर. परवान्यासाठी पदवी आणि अनुभव लागतो, मग लेखी आणि तोंडी परीक्षा. त्याच्या खालची पायरी जी-कार्डची, म्हणजे ब्रोकरकडं नोकरी करत कस्टममध्ये काम करण्याची मुभा. तिलाही परीक्षा आहे. बहुतेकांची सुरुवात त्याही खाली, फायली पोचवण्यापासून होते. नुसतं फॉरवर्डिंग करायला असा परवाना लागत नाही, म्हणून तिथं चांगले-वाईट दोन्ही भेटतात.

पण त्याच्याआधी एक करा. जिनिंगमध्ये जाऊन तयार गाठीवरची खूण बघा. प्रेसचा नंबर असतो, लॉटचा नंबर, गाठीचा नंबर. वहीत उतरवून घ्या. मग जिनिंगवाल्याला विचारा, हा लॉट कोणी घेतला. त्याला विचारा, कोणत्या बंदरातून गेला. कोणी सांगणार नाही, कोणी अर्धवट सांगेल. विचारत राहा. आणि कोणाकडून जुन्या पावतीची झेरॉक्स मिळाली, तर तिची मागची बाजूही मागून घ्या. लोक पुढचीच काढून देतात.